संस्कृतीची टोपली आणि आपली मुले

इस्राएलमधल्या शाळेत ज्यांची मुले किंवा नातवंडे जातात, त्यांना ‘सल तरबूत’ हे शब्द नवे नाहीत. सल म्हणजे टोपली आणि तरबूत म्हणजे संस्कृती. वर्षाच्या आरंभी शाळेकडून पैशांचा जो कागद घरी येतो, त्यात विमा, पुस्तके, वर्गाची पार्टी यांच्या रांगेत ही टोपलीही बसलेली असते. बहुतेक आईबाप आकडा पाहतात, कपाळाला आठी घालतात आणि पैसे भरून मोकळे होतात. टोपली भरतो कोण, तिच्यात येते काय आणि आपल्या मुलाच्या पदरात त्यातले पडते किती, ही चौकशी आपल्या समाजात तरी मी कुणाला करताना पाहिले नाही. म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिक्षणखाते आणि मतनासांची मध्यवर्ती संस्था यांनी मिळून चालविलेली ही योजना आहे. बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना नाटक, नृत्य, संगीत, चित्रपट, दृश्यकला आणि साहित्य या ६ कलांची ओळख वर्षावर्षाने करून द्यावी, असा तिचा हेतू. खर्चाचा काही भार सरकारवर, काही नगरपालिकेवर आणि काही पालकांवर. टोपलीत कोणते नाटक, कोणते नृत्य घालायचे ते जाणकारांची समिती ठरविते. कधी त्यात राजकारणही शिरते. २०१५ साली समितीने मान्य केलेले हैफाच्या अल-मिदान थिएटरचे एक नाटक शिक्षणमंत्र्यांनी टोपलीतून काढले, त्याचा वर्तमानपत्रांतून बराच गाजावाजा झाला होता. त्या वादात मी पडत नाही. माझे म्हणणे टोपली शाळेच्या दारात पोहोचल्यानंतरचे आहे.

योजना चांगली आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचे वाचून कुणी म्हणेल, ही बाई नातवंडांना नाटक-गाणे नको म्हणते. आम्ही आलो तेव्हा ‘सल क्लिता’सुद्धा नव्हती, सोखनूतच्या लोखंडी खाटा, गाद्या आणि उल्पानचे वेळापत्रक हातात पडले आणि संसार सुरू झाला. नेगेवच्या गावातल्या मुलाला सरकारी खर्चाने तेल अवीवच्या रंगमंदिरात बसायला मिळावे ही लहान गोष्ट नाही. पण मुलांना कलेच्या दारापर्यंत बसने नेऊन सोडणे सोपे आहे. तेथून आत घेणारा माणूस कोणी असतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते. दहापैकी सात-आठ सहलींत तो नसतो, हा माझा अनुभव.

अनुभव म्हणजे काय, तेही सांगायला हवे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी शाळांच्या सहलींबरोबर प्रथमोपचाराची पेटी घेऊन जाऊ लागले. नाट्यशास्त्र किंवा चित्रकला मी शिकलेली नाही. शाळा मुंबईत झाली, नर्सिंग इथे येऊन हिब्रूतून शिकले. पण ३० वर्षांहून अधिक काळ वॉर्डात काढल्यामुळे नुसत्या बसलेल्या माणसाकडे पाहून त्याला काय होते आहे ते ओळखायची सवय जडली. स्टेजवर काय चालले आहे ते समीक्षक पाहतात. मी बाजूच्या खुर्चीवर बसून मुलांकडे पाहते.

तेथून जे दिसते त्यातले पहिले फार साधे आहे. पहाटे सहाला बस सुटते. निम्म्या मुलांनी घरी काही खाल्लेले नसते, उरलेल्यांनी बांबाची अख्खी पिशवी बसमध्ये संपविलेली असते. दोन तासांच्या रस्त्यात दोघांना उलटी होते. रंगमंदिरात पोहोचल्यावर ३०० मुलांसाठी संडासाच्या चार खोल्या, पुढे रांग आणि आत जायची घाई. आत एअरकंडिशन इतके थंड की बाहीविना शर्ट घालून आलेली नेगेवची पोरे पहिली वीस मिनिटे दंड चोळत बसतात. नट बिचारे जीव तोडून काम करीत असतात आणि इकडे अर्ध्या सभागृहाला भूक, थंडी किंवा लघवी यांपैकी एक काहीतरी लागलेले असते. नंतर शिक्षिका म्हणतात, आमच्या मुलांना नाटकाची गोडी नाही. अहो, आजाऱ्याचे पथ्यपाणी सांभाळल्याशिवाय औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर ओरडतात. येथे तर पोरे धडधाकट आहेत, त्यांना एक सँडविच, एक स्वेटर आणि दहा मिनिटे मिळाली तर पुरे.

दुसरे याहून नाजूक आहे. आपल्या गावांतल्या वर्गात आज कोण कोण असते पाहा. मोरोक्कोवाल्यांची नातवंडे, रशियन बोलणाऱ्यांची मुले, इथिओपियातून आलेल्या घरांतली मुले, आपली दोन-तीन. २०२२ नंतर युक्रेनमधून आलेली दोन-चार. अशा वर्गाला संग्रहालयात नेले की मार्गदर्शक बाईंना मोठा उत्साह येतो. ‘तुम्ही सगळे वेगवेगळ्या देशांतून आलात, किती छान!’ येथून सुरुवात होते आणि मग प्रत्येकाला त्याच्या त्याच्या काचेच्या कपाटापुढे उभे करण्यात येते.

एका संग्रहालयात, नाव सांगत नाही, भारतातल्या यहुदी नवरीचा वेष मांडलेला होता. मार्गदर्शक बाईंनी विचारले, तुमच्यात भारतातले कोण? सगळा वर्ग एका मुलीकडे वळला. मुलीचा जन्म इथला, तिच्या आईचाही जन्म इथलाच. आजी-आजोबा पनवेलकडचे. बाई म्हणाल्या, ‘ये पुढे, साडी कशी नेसतात ते सांग.’ मुलीने साडी नेसलेली आजी फक्त लग्नातल्या फोटोत पाहिली असणार. मागून कोणीतरी सिनेमातल्यासारखी मान हलवून दाखविली आणि सगळी हसली. ती मुलगी पुढचा दीड तास वर्गाच्या शेवटी, भिंतीला घासून चालत होती. बसमध्ये ती डोके दुखते म्हणून माझ्याकडे आली. ताप नव्हता, नाडी ठीक होती. मी तिला पाणी दिले आणि शेजारी बसवून घेतले. बाईंच्या मनात वाईट काहीच नव्हते. मुलीचा मान वाढवावा असेच त्यांना वाटत होते. पण जिला त्या मान द्यायला निघाल्या ती मुलगी त्यांनी पाहिलीच नाही. त्यांनी पाहिला तो भारत.

आता दुसरी गोष्ट. जेरूसलेमच्या इस्राएल म्युझियमची. हे संग्रहालय १९६५ साली उघडले आणि मुलांसाठी वेगळा विभाग पुढच्याच वर्षी निघाला, हे मला त्या संस्थेचे मोठे शहाणपण वाटते. तेथे चार देशांतली चार प्रार्थनामंदिरे आतून जशीच्या तशी उभी केलेली आहेत: इटलीतल्या व्हित्तोरियो व्हेनेतोचे, जर्मनीतल्या हॉर्बचे, दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचे आणि कोचीनच्या मट्टांचेरीतले कडवुंभागम्. कडवुंभागम् सोळाव्या शतकातले. वरचे लाकडी छत कोरीव, मान मोडेपर्यंत पाहात राहावे असे. (ते कोचीनच्या मंडळींचे, आपले नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलीतल्या ‘मशिदी’ कोकणात बहुतेक साध्या, कौलारू. मुंबईची शाआर हारहमीम १७९६ ची. पण तिचे छत काही कोणी इकडे आणले नाही. इथल्या लोकांना कोचीन आणि कोकण यांतला फरक समजावून सांगताना आपली अर्धी हयात गेली, उरलेली नातवंडांना समजावण्यात जाईल.)

त्या दिवशी आठवीचा असाच मिश्र वर्ग होता. मार्गदर्शक तरुण मुलगी होती, बहुधा विद्यार्थिनी. तिने आत शिरताच मुलांना खाली बसायला सांगितले आणि म्हणाली, बोलू नका, फक्त वर पाहा, दोन मिनिटे. आठवीतली पोरे दोन मिनिटे गप्प बसली हेच मला आश्चर्य. मग तिने कागद वाटले, छतातले एक फूल निवडा आणि काढा. कोणाला येते, कोणाला येत नाही, याची तिने पर्वा केली नाही. मुले काढीत असताना सहज विचारल्यासारखे तिने विचारले, तुमच्या आठवणीतले एखादे छत आहे का, झोपल्यावर दिसायचे असे? कोणी बंकरचे छत म्हणाले, कोणी अश्कलोनच्या आत्याकडचे, ओल आलेले. इथिओपियन घरातला एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला की त्याची आजी गोल घराचे गवती छत सांगते, मधल्या खांबावर टेकलेले, आणि धूर वर जाऊन गवतात मुरतो म्हणून त्याला किडा लागत नाही. वर्ग ऐकत राहिला. एका मुलीने विचारले, मग पाऊस आत येत नाही का? त्याने उत्तर दिले. त्या खोलीत त्या दिवशी कोचीनच्या सुतारांचे छत आणि त्या आजीचे छत शेजारी शेजारी होते.

दोन्ही बायांच्या कामात काय फरक, याचा मी पुष्कळ विचार केला. पहिलीने मुलीला विचारले, तू कोण? दुसरीने विचारले, तू काय पाहिलेस? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोवळ्या वयाच्या मुलाला नीट ठाऊक नसते, आणि चारचौघांत तर मुळीच द्यायचे नसते. दुसऱ्याचे प्रत्येकापाशी असते. ‘विविधता’ हा शब्द हल्ली फार कानावर पडतो. मुलांना विविधतेचे नमुने म्हणून बोलावले तर ती नमुन्यासारखी वागतात, म्हणजे हलत नाहीत, बोलत नाहीत.

नाटकाच्या बाबतीत माझी तक्रार ‘शेकेट!’ या एका शब्दाविषयी आहे. गप्प बसा! बसमधून उतरल्यापासून पडदा पडेपर्यंत मुलांच्या कानावर हाच शब्द सर्वांत अधिक वेळा पडतो; नाटकातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक. नाटक पाहायला शांतता लागते हे मान्य. पण शांतता आणि धाक यांत फरक आहे.

मुंबईत आमच्या लहानपणी बालनाट्याचे दिवस बहरात होते. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटरतर्फे ‘मधुमंजिरी’ केले, ते रत्नाकर मतकरींनी लिहिलेले. त्यानंतर मतकरींनी आपली बालनाट्य संस्थाही काढली. सुट्टीत दादरला शिवाजी मंदिरात आम्हा माझगावच्या मुलींना कोणी मोठे माणूस घेऊन जाई. राक्षस मागून आला की सगळे थिएटर ओरडे, ‘मागे बघ, मागे!’ कोणी गप्प करीत नसे. नटही आमच्या ओरडण्यासाठी थांबत. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली त्यांना मुलांच्या त्या किंकाळ्या अजून ऐकू येत असतील. त्या ओरडण्यातून आम्ही नाटक पाहायला शिकलो. कुठे ओरडायचे आणि कुठे श्वास धरायचा, हे नाटकच सांगे, बाई नव्हे. पुढे मतकरींनी ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांना घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तेथे मुले आपल्याच वस्तीतले विषय घेऊन आपणच नाटके बसवीत. मतकरी २०२० मध्ये गेले. बातमी वाचून मला आधी आठवला तो राक्षस.

इथेही चांगले काम करणारे आहेत. ओर्ना पोरात यांनी १९७० साली मुलांसाठी आणि तरुणांसाठी जे थिएटर काढले त्याचे प्रयोग मी सहलींबरोबर पाहिले आहेत, कामे मन लावून केलेली असतात. दोष स्टेजवर कमी, खुर्च्यांच्या रांगांत जास्त. एका गावच्या सभागृहातला प्रसंग सांगते. सातवीतला एक मुलगा सारखा कुजबुजत होता. दोनदा ‘शेकेट’ झाले, तिसऱ्यांदा शिक्षिकेने त्याला उठवून रांगेच्या टोकाला बसविले. मी शेजारीच होते, म्हणून मला ठाऊक: तो युक्रेनहून नुकत्याच आलेल्या मुलीला प्रत्येक वाक्य रशियनमध्ये सांगत होता. त्या सबंध सभागृहात इतक्या लक्षपूर्वक नाटक ऐकणारा दुसरा कोणी नसेल, कारण त्याला ते दोनदा करायचे होते, एकदा कानाने आणि एकदा तोंडाने. त्याला उठविल्यावर ती मुलगी उरलेला तास मांडीवरच्या हाताकडे पाहात बसली. मध्यंतर नव्हते.

याच देशात भाषेचा प्रश्न कसा सोडविता येतो ते ‘गेशेर’ने दाखविले आहे. गेशेर म्हणजे पूल. येवगेनी आर्ये आणि त्यांच्याबरोबर सोव्हिएत देशातून आलेले नट यांनी हे थिएटर १९९१ साली सुरू केले. नव्याने आलेल्या नटांनी हिब्रू संवाद घोकून पाठ केले, रशियन आणि हिब्रू दोन्ही भाषांत प्रयोग केले. थोड्याच वर्षांत त्यांची गणना देशातल्या पहिल्या प्रतीच्या थिएटरांत झाली. मला त्यांचे कौतुक आहेच. पण त्याच वेळी दुसरे एक नाव आठवते, इनबाल. सारा लेवी-तनाई यांनी १९४९ साली येमेनी तरुण-तरुणींना घेऊन हे नृत्यमंडळ उभे केले. येमेनी पाऊल, येमेनी सूर आणि बायबलमधल्या कथा घेऊन त्यांनी सगळे नवे रचले. १९७३ साली त्यांना इस्राएल पुरस्कार मिळाला. तरीही पुष्कळ वर्षे लोक त्याला ‘फोकलोर’ म्हणत राहिले, म्हणजे सणावारी पाहायची गोष्ट. मॉस्कोहून आलेली कला ती कला आणि सानाहून आलेली ती लोककला, हा हिशेब मुलांना कोणी शिकवीत नाही. टोपलीत काय वर ठेवले आहे आणि काय तळाशी, ते पाहून मुले तो आपोआप शिकतात.

यावर आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, मग आपलेही काही टोपलीत घाला. त्याला माझी ना नाही. पण शाळांतून सध्या जो ‘होदूचा दिवस’ साजरा होतो, समोसे, टिकल्या आणि सिनेमाच्या गाण्यावर नाच, तेवढ्याने मूल खूश होते अशी समजूत करून घेऊ नका. माझ्या धाकट्या नातवाला तसल्या दिवशी शेरवानी घातली होती. संध्याकाळपर्यंत त्याच्या मानेवर पुरळ उठले, आणि नाचाविषयी विचारले तर ‘आजी, खाज येत होती’ एवढेच उत्तर. तोच मुलगा पुढच्या वर्षी चेलोच्या प्रेमात पडला.

ते कसे झाले हे सांगण्यासारखे आहे. इस्राएल फिलहार्मोनिकची शाळांसाठी योजना आहे. वादकांचा लहान संच आधी शाळेत येतो, वाद्ये दाखवितो, वाजवितो, मुलांशी बोलतो. आणि मग काही दिवसांनी तीच मुले मोठ्या सभागृहात मैफलीला जातात. नातवाच्या वर्गात आलेल्या चेलोवाल्याने त्याला गज हातात धरू दिला. आवाज म्हशीसारखा निघाला असे तो सांगतो. मग तेल अवीवला, १९५७ सालच्या त्या मोठ्या सभागृहात, तो आत शिरताच ओरडला, ‘तो बघा माझा माणूस, डावीकडून… नाही, उजवीकडून तिसरा!’ एवढ्या थोरल्या ऑर्केस्ट्रात त्याच्या ओळखीचा एक माणूस होता, म्हणून ते सभागृह त्याला परके वाटले नाही. आपल्यातल्या जुन्या पिढीचेही असेच नव्हते का? १९७७ पासून २०१९ पर्यंत झुबिन मेहता त्या ऑर्केस्ट्राचे संगीत-दिग्दर्शक होते. बीथोव्हेन आणि ब्राम्स यांतला फरक न कळणारी आपली मंडळी छाती पुढे काढून सांगत, ‘आपल्या मुंबईचा आहे’, आणि तिकीट काढून जात. ओळखीचा माणूस आत असला की दार जड लागत नाही. तो आपल्याच जातीचा, देशाचा असावा असे मात्र नाही. माझ्या नातवाचा चेलोवाला कुठला होता, ते आम्हाला अजून ठाऊक नाही.

टोपलीविषयी माझा सर्वांत मोठा आक्षेप येथे येतो. शाळांना भेटीच्या आधी तयारी आणि नंतर चर्चा करायला सांगितलेले असते. कागदावर ते आहे. प्रत्यक्षात तयारी म्हणजे ‘उद्या पाणी आणा, टोपी आणा’ आणि चर्चा म्हणजे बसमध्ये ‘आवडले का?’ ‘हो!’ इतकीच. शिक्षिकांना दोष द्यावा तर त्यांच्यापुढे परीक्षा उभ्या. २०२० मध्ये करोनाने आणि २०२३ च्या ऑक्टोबरनंतर युद्धाने सहली थांबल्या, तेव्हा कित्येक प्रयोग मुलांना पडद्यावर दाखविण्यात आले. त्या दिवसांनंतर सगळ्यांना झाली ती घाई: राहिलेल्या भेटी भरून काढा, आकडा पुरा करा. वर्षाला तीन नाटके घाईने पाहण्यापेक्षा एकच पाहावे, आधी एक तास द्यावा, नंतर एक तास द्यावा, असे मला वाटते. एकदा एका शाळेत नाटकानंतर मुलांना नटांबरोबर अर्धा तास बसविले होते. पहिला प्रश्न आला, तुम्हाला पगार किती? शिक्षिका लाजली. नटाने खरा आकडा सांगितला, दुसरी कोणती नोकरी करून घर चालवितो तेही सांगितले. मग प्रश्न थांबेनात. त्यातल्या एका मुलीने आईला घरी जाऊन सांगितले की स्टेजवरच्या दिव्यांचे काम शिकायचे आहे. आवडले नाही असे म्हणायची मोकळीकही त्या अर्ध्या तासात होती. दोघा-तिघांनी ती घेतली, आणि नट रागावले नाहीत.

आता थोडे आपल्या घरचे. आपण सहलींचे मोठे शौकीन. एलियाहू हन्नाबीच्या गुहेला हैफाला जायचे म्हटले की दोन बसेस दोन दिवसांत भरतात. बसमध्ये अंताक्षरी, डब्यांत पुरीभाजी, सोबत मलिद्याचे ताट. त्यात मी पुढे असते. पण वाटेत संग्रहालय ठेवले की आपण ते चाळीस मिनिटांत आटपतो, त्यातली वीस चहात. आणि नातवंडे बरोबर नसतात. १९९५ साली इस्राएल म्युझियममध्ये भारतातल्या तिन्ही यहुदी समाजांचे मोठे प्रदर्शन भरले होते. मी रजा घालून गेले. आपल्या बायकांनी दालन आवाजाने भरून टाकले होते: ‘अगं, अशीच माझ्या आत्याची समई!’, ‘हा तर आमच्याकडचा तांब्या!’ कोणी त्यांना शेकेट म्हटले नाही. सोबत मुले किती होती ते आठवते, कारण फारच थोडी होती. त्या वेळची शाळकरी मुले आज चाळिशी ओलांडून गेली, त्यांच्या मुलांना समई म्हणजे काय ते सांगायला ती आत्या राहिली नाही.

आणि कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या पूर्वजांनी हरिदासी कीर्तनाची पद्धत उचलली आणि अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठीत गाऊन सांगितल्या. ज्या काळात बायकांना आणि मुलांना हिब्रू येत नव्हते त्या काळात घरच्या माणसांना तोरा समजावा म्हणून केलेली ती सोय होती. म्हणजे सर्वांना कलेच्या आत घेण्याचे काम आपल्याकडे कोणी टोपली देण्याआधीच झालेले आहे. आज भाषा उलटी झाली: मुलांना हिब्रू येते, मराठी येत नाही. मग कथा हिब्रूत सांगा, पदे मराठीत गा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी घरच्या हॉलमध्ये असे करून पाहिले. १२ मुले होती, त्यांत शेजारची दोन मोरोक्कन. त्या दोघांनी झांजा सोडल्याच नाहीत. सभागृह, पाहुणे, हारतुरे काही नव्हते, म्हणून ते जमले. पुढच्या वेळी समाजाच्या मंडळाने ते मोठ्या प्रमाणावर करायचे ठरविले, भाषणे ठेवली, आणि मुले मागच्या मागे अंगणात फुटबॉल खेळायला गेली.

आमच्या गावच्या मतनासाने येत्या हिवाळ्यात तरुण मुलांसाठी जेरूसलेमची सहल काढली आहे. पन्नास जणांच्या बसऐवजी वीस जणांची मिनीबस घ्यावी, सर्व समाजांची मुले एकत्र असावीत, एकच दालन पाहावे आणि आदल्या आठवड्यात मार्गदर्शकाने येऊन मुलांना भेटून जावे, असा अर्ज मी दिला आहे. मिनीबसने माणशी खर्च जास्त येतो, ही त्यांची अडचण खरी आहे. प्रथमोपचारासाठी मी नेहमीप्रमाणे फुकट येते, शिवाय सँडविचे करून आणते, असेही त्यात लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. आपल्यापैकी कुणाची नातवंडे १३ ते १७ वर्षांची असतील तर त्यांची नावे मतनासात देऊन ठेवा, आणि स्वेटर पाठवायला विसरू नका.